चार लाकडांचा हिवाळा

ओव्हरली, शनिवार, नऊ मार्च

प्रिय हाल्वर भाऊजींना,

राख काढून झाली होती, कोंबड्यांना बटाट्याच्या साली घालून झाल्या होत्या, कॉफीचं आधण शेगडीवर चढलं होतं, आणि मी टोपली घेऊन दक्षिणेच्या भिंतीशी सरपण आणायला गेले होते. नवीन वर्षाचा पहिला गुरुवार. सकाळचे आठ वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. चष्मा मी घरातच ठेवून जाते, कारण थंडीतून आत आलं की काचांवर वाफ धरते, आणि एकदा तशाच अवस्थेत मी शेगडी समजून कपाटाचं दार उघडलं होतं आणि दोन ओंडके बशांवर नीट मांडून ठेवले होते. तेव्हापासून सरपण मी हाताने चाचपूनच घेते. आदल्या सकाळी जिथे हाताला रिकामी भिंत लागली होती, तिथे त्या दिवशी लाकूड लागलं. वर चाचपलं, लाकूड. शेजारी चाचपलं, लाकूड. मी मनाशी म्हटलं, सुनिवा, तू भलतीच काटकसरी बाई निघालीस.

(नमस्कार लिहायचा राहूनच गेला. तर नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल अशी आशा आहे. ओल्या हवेत तो कुरकुरतो हे मला ठाऊक आहे, पण यंदा हवा कोरडी आहे म्हणून फार काळजी करत नाही. तुमच्या म्हाताऱ्या मांजराला माझी आठवण सांगा. मी ठीक आहे. आयविन्दला जाऊन येत्या सप्टेंबरात दोन वर्षं होतील. त्याचा कोट अजून दारामागच्या खुंटीला आहे, आणि रविवारी मी त्याच्या कपातही कॉफी ओतते आणि मग दोन्ही कप मीच पिते. रॉकेलसारखी उद्या कॉफी महाग झाली तर ही सवय मोडावी लागेल, पण तोवर चालू आहे.)

आता मुद्द्यावर येते. तुम्ही नदीपलीकडे राहता, त्यामुळे इकडच्या काही गोष्टी तुमच्या कानावर नसतील असं धरून चालते. मागचा हिवाळा मी तूरिदकडे काढला. तुमची पुतणी स्वभावाने सोन्यासारखी आहे, पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, ऊब भिंतीतल्या विजेतून येते, आणि त्या उबेला ना वास, ना आवाज. पाच महिने मी एका पांढऱ्या पत्र्यासमोर बसून पुस्तकं वाचली. यंदा ऑक्टोबरात मी म्हटलं, मी माझ्या घरी राहणार. तूरिद म्हणाली, "आई, रॉकेल दुप्पट झालंय आणि लाकडं विकत घ्यायची तर तुझी पेन्शन नाताळाआधीच धुराड्यातून वर जाईल." मी म्हटलं, तुझ्या बाबाने रचलेली रास आहे की. मग तिने त्याचीच मोजपट्टी काढली, रास मोजली, आणि म्हणाली, दिवसाला दोन टोपल्या धरल्या तर फेब्रुवारीच्या मध्यावर तू रिकाम्या भिंतीकडे बघत बसशील.

शेवटी आमचा करार झाला. तुमच्या आईच्या काळापासून दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, घरातलं अर्धं सरपण आणि गोठ्यातलं अर्धं गवत शिल्लक आहे की नाही हे बघायची रीत आहे, तीच आम्ही कामाला लावली. राशीच्या बरोबर मध्यावर, मागे भिंतीतल्या खिळ्याला, तूरिदने लाल लोकरीचा धागा बांधला. दोन फेब्रुवारीला धागा लाकडांआड राहिला तर मी घरात राहायचं, कायमचं. उघडा पडला तर ईस्टरला घराला कुलूप आणि मी तिसऱ्या मजल्यावर.

ती रास म्हणजे आयविन्दने शेवटच्या वसंतात रचलेली, साल वर करून, जशी तो जन्मभर रचत आला आणि जशी हे अख्खं खोरं रचतं, म्हणजे सालीचं छप्पर होतं आणि पाऊस ओघळून जातो. (तुमचं मत वेगळं आहे. साल खाली ठेवली की ओल वरून उडून जाते, हे तुम्ही मला लग्नाच्या दिवशी, मी डोक्यावरची नवरीची जाळी काढायच्या आधी सांगितलं होतं.) त्या वसंतात तो कॉफी प्यायला आत आला आणि तेवढ्यात तुम्ही त्याची एक अख्खी ओळ उलटी करून ठेवलीत, आणि तो म्हणाला, "लाकडं रचायला शिकशील तेव्हाच माझ्या उंबऱ्याला पाय लाव." तुम्ही टोपी घातलीत आणि गेलात. तुम्ही शब्दाला इतके पक्के की त्याच्या मयताच्या कॉफीलाही आत आला नाहीत, कुंपणापाशी उभे राहिलात. मी बशी बाहेर पाठवली होती. रिकामी परत आली, म्हणून मला बरं वाटलं.

असो. तर मी काटकसरीला लागले. झोपायची खोली बंद केली, खाट स्वयंपाकघरात आणली, बटाटे उकडलेल्या पाण्यात पाय शेकू लागले आणि शेगडीवर तापवलेला दगड लोकरीच्या मोज्यात घालून अंथरुणात घेऊ लागले. दिवसाला चारच लाकडं, असा नेम केला. (आता हे सगळं लिहितेच आहे तर हेही लिहिते: सकाळची ती चार माझी. नंतर जी घालत होते ती थंडीची, आणि ती मी मोजत नव्हते.) डिसेंबरात रास भराभर खाली जात होती आणि मला रोज रात्री पांढरा पत्रा दिसत होता. आणि मग जानेवारीपासून ती खाली जायची थांबली. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, नेम लागू पडला. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, आयविन्दचं बर्चचं लाकूडच तसं, योग्य चंद्रावर तोडलेलं. तिसऱ्या आठवड्यात मी गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या गाडीतून उष्णतेवरचं एक जाडं पुस्तक आणलं, त्यातली बावन्न पानं वाचली, आणि माझ्या लक्षात आलं की मला हे सगळं आधीपासूनच कळत होतं.

दोन फेब्रुवारीला तूरिद आली. धागा दिसेना. तिने हात घालून शोधला, कोपरापर्यंत घातला, खांद्यापर्यंत घातला. मग ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू जेवतेस ना?"

"मी चार लाकडांवर राहते," मी म्हटलं. भाऊजी, इतक्या ऐटीत मी आयुष्यात काही बोलले नव्हते.

इथेच थांबायला हवं होतं. पण बातमी दुकानात गेली, दुकानातून महिला मंडळात गेली, आणि मंडळाने मला भाषणाला बोलावलं. विषय मीच दिला, "चार लाकडांचा हिवाळा". जिने शाळेचं तोंड सात वर्षं पाहिलं, तेही दिवसाआड, ती मी फळ्यावर शेगडीची आकृती काढून धुराड्याची झडप कधी लावायची ते बाणांनी दाखवत होते. बायका लिहून घेत होत्या. पाद्रीणबाईंनी दगड किती मोठा हवा ते विचारलं, मी हातांनी दाखवलं. शेवटी टाळ्या झाल्या आणि वॉफल झाली, आणि मी दुधाच्या लॉरीतून घरी येताना अशी बसले होते की जणू लॉरी मीच शोधून काढली.

पुढच्या पंधरा दिवसांत गाव गारठलं. शाळामास्तरांनी पियानोला गोधडी घातली आणि स्वतः शेजारी झोपले. पाद्रीबाबांनी घरी हात गोठवून लिहिलेलं प्रवचन हातमोजे घालून वाचलं आणि ते नऊ मिनिटांत संपवलं, त्याबद्दल मात्र तिघांनी येऊन माझे आभार मानले. मग एका दुपारी शेजारची मारित दारात उभी. नाक लाल, अंगात नवऱ्याचा कोट.

"सुनिवा, मी तुझं सगळं केलं. चार लाकडं, दगड, बटाट्याचं पाणी."

"मग?"

"सोमवारी नळ फुटला. मंगळवारी कुत्रा गोठ्यात गाईपाशी राहायला गेला. काल नवराही गेला."

"कुठे?"

"गोठ्यातच. कुत्र्याने जागा दिली." मग ती माझ्या शेगडीपाशी बसली, तिने कोट काढला, स्वेटर काढला, आणि म्हणाली, "तुझ्याकडे एवढं गरम कसं गं?" मी म्हटलं, झडप. माझा त्यावर मनापासून विश्वास होता.

परवा, गुरुवारी, धुराडी साफ करणारा ओस्वाल आला. तो छपरावर चढला, बराच वेळ खरवडण्याचा आवाज आला, आणि मग वरून त्याचा आवाज आला.

"सुनिवाबाई, चार लाकडं म्हणता?"

"चार."

"मग बाकीचा धूर शेजारपाजारचा इथे मुक्कामाला येतो काय?"

खाली उतरला तेव्हा त्याच्याकडे दीड बादली काजळी होती. बायका खोटं बोलतात, नवरे खोटं बोलतात, धुराडं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. मला राग आला. मी चष्मा लावला आणि त्याला रास दाखवायला दक्षिणेच्या भिंतीशी नेलं. दुपारचे बारा, स्वच्छ ऊन. या हिवाळ्यात मी ती रास उजेडात, चष्मा लावून, पहिल्यांदाच बघत होते. ओस्वालने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"ही कोणी रचली म्हणता?"

"आयविन्दने."

"उजवीकडची हो. पण हे डावं टोक साल खाली आहे, बाई. आयविन्द हे करण्याआधी मेला असता."

"तो मेलाच आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

बर्फात घसरगाडीच्या दोन रेघा होत्या, रास ते कुंपण, कुंपण ते नदी, आणि गोठलेल्या नदीवरून थेट पलीकडे. मी ओस्वालला म्हटलं, हे काम कोणाचं असेल याची मला काही कल्पना नाही. तो म्हणाला, त्यालाही काही कल्पना नाही. मग आम्ही दोघं हात बगलेत घालून नदीपलीकडे तुमच्या धुराड्याकडे बघत उभे राहिलो, आणि आम्हाला दोघांनाही काही कल्पना नव्हती.

तर अशी माझी परिस्थिती आहे. मी चार लाकडांवर राहिले नाही. मी दोन टोपल्यांवर राहिले, सगळ्यांसारखी, आणि कोणीतरी दर आठवड्याला माझी भिंत भरत होतं. सोमवारी मंडळात उभं राहून हे सांगायचं आहे, आणि मारितच्या नळाचं काय ते बघायचं आहे. तूरिदशी केलेला करारही त्यामुळे बाद होतो. तुम्हाला कोणी अनोळखी माणूस नदी ओलांडताना दिसला तर त्याला माझे आभार सांगा. गुडघ्याला मेंढीची चरबी चोळत जा.

तुमची वहिनी,
सुनिवा

ता. क. भाऊजी, बुधवारी मी दुधाच्या लॉरीतून पुस्तकांच्या गाडीला जाते आणि तीन तास येत नाही, हे खोऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण चोरून लाकडं ठेवतानाही ज्याला ती साल वर करून ठेवणं जमत नाही, असा माणूस एकच आहे. एवढं सगळं लपूनछपून केलंत, आणि सही मात्र प्रत्येक ओंडक्यावर.

दुसरा ता. क. तूरिदला मी गुरुवारीच दुकानातून फोन केला आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, मी हरले, ईस्टरला येते. ती म्हणाली, "आई, लाकडं संपतील याची मला कधीच भीती नव्हती. तू पडलीस तर वसंतापर्यंत कोणाला कळणार नाही, याची होती. काका दर बुधवारी येतात?" मी म्हटलं, राशीपर्यंत. ती म्हणाली, "राशीपर्यंत येऊन काय उपयोग? आत येऊन तू उभी आहेस की आडवी, ते बघायला हवं." तेव्हा आता करार असा आहे: तुम्ही बुधवारी आत येऊन बसून कॉफी प्यायलात तर मी घरात राहीन, नाहीतर तिसरा मजला. हे एवढंच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. लॉरी साडेदहाला जाते, तुम्ही नऊला या. वॉफल आणि तपकिरी चीज आहे. लाकडं पुढच्या दाराने आणा. मागच्या बाजूला बर्फ गुडघाभर आहे आणि तुमचा गुडघा एकच धड आहे.

तिसरा ता. क. तुम्ही म्हणाल, आयविन्दने उंबऱ्याला पाय लावू नकोस म्हटलं होतं आणि मी अजून शिकलेलो नाही. म्हणून हे सांगते. त्या वसंतात तुम्ही उलटी केलेली ती ओळ त्याने तशीच ठेवली. सुलटी करणार नाहीस का, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "राहू दे. वाळतात तशीही." उन्हाळाभर मी वाट पाहत होते की तो नदी ओलांडून जाईल आणि तुम्हाला हे सांगेल. मग सप्टेंबर आला. ती ओळ अजून आहे, उजव्या टोकाला, खालून तिसरी, कारण जानेवारीपासून मी तुमचीच लाकडं जाळते आहे आणि डिसेंबरानंतर त्याची जी उरली होती ती बहुतेक सगळी तशीच आहेत. गुरुवारी ओस्वाल गेल्यावर मला आयविन्दची फार आठवण आली, आणि त्याच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं असं वाटून मी तुमची सगळी लाकडं एकेक काढून साल वर केली. अंधार पडेपर्यंत खपले, पाठ मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा लावून बाहेर गेले आणि ती सगळी पुन्हा साल खाली करून रचली.