उतरलेल्या सेलांवरचा आवाज

प्रिय बाबा,

परवा आरमोरीले नाटकाच्या तालमीत तुमच्या गिटारचा आवाज वाजला. तुमच्या डब्ब्यातून नाई, माझ्या कम्प्युटर प्रोग्राममधून! हे तुमाले नाई तर कोणाले सांगू? म्हणून लिहून राह्यली.

तुम्ही गेल्यावर, गिटारचा आवाज फाडणारा तुमचा तो हातानं बनवलेला पत्र्याचा डब्बा दहा मिनिटं गुरगुरून मुका होत होता. त्याच्यातला जुन्या रेडिओचा ट्रान्झिस्टर खराब झाला, तसा आता कुठीच भेटत नाई. अन् नाटकात खलनायक आला की गिटारचा तोच फाटका आवाज पाहिजे, हा साऱ्यांचा हट्ट. मी म्हटलं, चिपवर बनवते.

पहिल्यांदा फजिती झाली. दर क्षणाले डब्ब्यातल्या पूर्ण सर्किटचं गणित करता करता बिचारी चिप थकून जाये. तार आता छेडली, आवाज मागून! मग तुमची शिकवणी आठवली: पाढे पाठ असले की गुणाकार करत बसा लागत नाई. साऱ्या गणितांची उत्तरं आधीच काढून चिपमध्ये भरून ठेवली. आता ती फक्त पाहून सांगते. आहे ना तुमची पोरगी हुशार?

पण ऑर्गनवाल्या पांडुकाकांनी तालमीत मधातच हात थांबवला. म्हणाले, "बराबर हाये बाई, पण हा भाऊचा, तुया बापाचा आवाज नाई."

लय राग आला मले. काऊन नाई? डब्बा जेवढा वेळ चाले तेवढ्यात एकेक सूर मोजला होता. तुमच्या मानासाठी नवे कोरे सेल टाकून!

तिथंच चुकली मी. तुम्ही टॉर्चमधले उतरलेले सेल डब्ब्यात टाकत होते. मी तुमाले कंजूष म्हणो, अन् तुम्ही नुसते हसत. काऊन नाई सांगितलं बाबा, की अर्धमेल्या सेलांवरच तो सूर उशिरा फुगते अन् घुसमटून तुटते? मी विचारलंही नाई म्हणा. चिडवण्यातच हुशार होती मी.

उतरलेले सेल टाकून सारं परत मोजलं. परवा पांडुकाका शेवटपर्यंत वाजवत राह्यले. मग चष्मा पुसत म्हणाले, "भाऊचाच होय."

नागपूरचे माझे दोस्त म्हणतात, थोडी खरखर काढून टाक, साफ कर. नाई करणार. तुमचा आवाज मी सुधारणार नाई, हा शब्द देते. अन् सावली गावच्या प्रयोगात कोणी विचारलंच, हे यंत्र कोणत्या कंपनीचं, तर सांगीन, माह्या बापाचं.

तुमचीच,
शालू