स्वभावांची वही

मी, कारभारी गोटीराम आहिरे, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार देवळाली कॅम्प, जिल्हा नाशिक, राजीखुशीने व पुऱ्या शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी पत्नी अंबूबाई, आत भाकरी थापते आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी तपासली छाती. छातीवरून अक्कल कशी कळते ते त्यांनाच ठाऊक.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी व पोस्टातली शिल्लक अंबूबाईची. तिने कशासाठीही कोणाला विचारू नये. आजवरही विचारलेले नाही.

कलम २. माझा लोखंडी रंधा शेजारी झुंबर याजकडे आहे. १९६९ साली "दोन दिसांत आणून देतो" म्हणून त्याने नेला. आता तो त्याचाच समजावा. मात्र मी विसरलो नव्हतो, हे त्याला चारचौघांत वाचून दाखवावे.

कलम ३. कारखान्यातली वही. हिचा खुलासा करणे भाग आहे. पूर्वी कारखान्यात रोज भांडणे. दुहाती करवतीवर दोघे बसले की एक ओढायचा तेव्हाच दुसराही ओढायचा, आणि मग शिव्या. १९७१ साली एक मेजरसाहेब टेबल करून घ्यायला आले होते, त्यांनी तो तमाशा पाहिला. म्हणाले, आम्ही तोफेवर माणसे लावताना आधी स्वभाव बघतो. दोन उतावळे एका तोफेवर ठेवत नाही. मला पटले. मी वही घातली. प्रत्येक कारागिराचे एक पान, पानावर स्वभाव: उतावळा, धीराचा, बोलका की अबोल. मग बोलका काळू अबोल धोंडीरामसमोर बसवला. काळू दिवसभर बोलला, धोंडीरामने दिवसभर ऐकले, आणि संध्याकाळपर्यंत सगळा साग चिरून झाला. पुढे कारखान्यात कोणी कोणावर हात उगारला नाही. मला त्या वहीचा गर्व झाला, हे कबूल करतो. माणसापेक्षा पानावर माझा जास्त विश्वास बसू लागला.

कलम ४. माझा एकुलता मुलगा गोरक्ष. १९७८ साली त्याच्या हाती स्वतःचे पान लागले. त्यावर माझ्या अक्षरात होते: "गोरक्ष. उतावळा. मोठे काम देऊ नये." त्याने वही जागेवर ठेवली आणि बायकोला घेऊन देवळ्याला, सासुरवाडीच्या गावी निघून गेला. भांडला असता तर बरे झाले असते. दिवाळीला येतो, जेवतो, जातो. कारखान्यात पाऊल टाकत नाही. "बघा, तडकाफडकी गेला, उतावळाच तो," असे मी सहा वर्षे लोकांना सांगत आलो.

यंदा उन्हाळ्यात एका लग्नासाठी देवळ्याला गेलो. तिथे रस्त्याकडेला गोरक्ष कांदाचाळ बांधत होता. दोन पट्ट्यांमध्ये लाकडाचा तुकडा धरून फट मोजायचा, मग खिळा. एक पट्टी जराशी तिरकी बसली, तर त्याने तीन उखडून पुन्हा लावल्या. शेतकरी मागे लागला होता, "उरक ना भाऊ लवकर!" गोरक्ष हसून म्हणाला, "हवा नाय खेळली तर कांदा सडंल, बाबा." मी तासभर लांबून बघत राहिलो. मग जवळ जाऊन मागून हाक मारली. त्याच्या पुढच्याच घावाला खिळा वाकला.

घरी येऊन अंबूबाईला सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही मागं उभं राहिलात की मला भाकरी थापता येत नाय. पोरगं बारा वर्सांचं होतं तवापासून त्याच्या पाठीमागं घड्याळ घेऊन उभे." उतावीळपणा कारखान्यात होता, यात शंका नाही. मी तो चुकीच्या पानावर लिहिला. याचे मला फार दुःख आहे.

कलम ५. कारखाना व सर्व हत्यारे गोरक्षची. पहिल्या मसुद्यात "धोंडीरामच्या सल्ल्याने" असे शब्द होते, ते खोडले आहेत. धोंडीराम व काळू यांना हात चालतील तोवर काम द्यावे. वही मोडीत घालू नये, ती उपयोगाची आहे. मात्र यापुढे पेन्सिलीने लिहावी, आणि दर पाडव्याला ज्याचे पान त्याला दाखवून त्याच्यासमोर दुरुस्त करावे.

कलम ६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायची रीत आहे. मला तेवढा धीर नाही. म्हणून गेल्या रविवारी हा मसुदा घेऊन एसटीने देवळ्याला गेलो आणि गोरक्षच्या ओट्यावर बसून वाचू लागलो. चौथ्या कलमाशी माझी जीभ पळायला लागली, ओळी सुटू लागल्या. तो म्हणाला, "सावकाश वाचा, नाना. मी हितंच बसलोय." मी ते कलम पहिल्यापासून वाचले. सगळे ऐकून त्याने मसुदा माझ्या हातून घेतला आणि पाचवे कलम स्वतः वाचले. मग म्हणाला, "सोमवारी येतो. पण काळूमामांना आता करवत झेपायची नाय. त्यांना पॉलिशला घेऊ."

ही दुरुस्ती मला मान्य आहे.

सही: कारभारी गोटीराम आहिरे

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली.
साक्षीदार:
१. विमलाबाई पगारे, शिक्षिका
२. डॉ. मुरलीधर देवरे

देवळाली कॅम्प, ता. १६ नोव्हेंबर १९८४