हुप्या

पाली, ५ मे

प्रिय दीपाली,

फोनवर आपण बोलतो ते जेवणाचं आणि गोळ्यांचं. गेल्या आठवड्यात तू विचारलंस, बाळंतपण उरकून परत येईन तेव्हा वेदिकाचं काय करायचं, आणि मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं. नववा लागलेल्या बाईला असलं पत्र पाठवू नये, हे मला कळतं. तरी लिहितो.

आधी बागेचं सांगतो. यंदा वांदरांनी कलमांची पार वाट लावली. फेब्रुवारीत लवूकाकांच्या खळ्यात वाडीची बैठक झाली, तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं की सगळा कळप धरणं काही जमायचं नाही, हुप्या तेवढा उचलू या. तो गं, फाटक्या कानाचा, पंधरावीस माद्यांत एकटा नर. हुप्या गेला की माद्या पोरं घेऊन पांगतात, असं बाबा म्हणायचे आणि आजोबाही. परवानगी काढली, पिंजरा लावला, आत केळी ठेवली. तिसऱ्या दिवशी सापडला. गाडीतून नेऊन लांब घाटात सोडला. आम्ही नारळसुद्धा फोडला. शहाणेच आम्ही!

कळप पांगला नाही. आठ दिवसांत दुसरा हुप्या आला, तरणाबांड. पहिले दोन दिवस तो नुसता फणसावर बसून माद्यांकडे बघत होता. मग पिल्लं मरायला लागली. पहिलं बागेच्या दगडी गडग्यापाशी मिळालं, मांडीला चावा. म्हटलं कुत्र्याने धरलं असेल. दुसरं माझ्या डोळ्यांसमोर गेलं, भर दुपारी. आई त्याला पोटाशी घेऊन बसली होती, याने ते ओढून घेतलं आणि दात लावले. फार वेळ लागला नाही. माझ्या हातात गोफण होती, मी ती उचललीही नाही. तीन आठवड्यांत पाच पिल्लं गेली. एक मादी मेलेलं पोर चार दिवस घेऊन फिरत होती, वास सुटला तरी.

वांदरांचा अभ्यास करणारा शुभंकर म्हणून एक मुलगा हल्ली लवूकाकांच्या माडीवर राहतो. त्याला विचारलं, हा पिसाळलाय का? तो म्हणाला, नाही हो. पिल्लू अंगावर पीत असेतो आई माजावर येत नाही. हुप्याला कळपात मिळतात दोनतीन वर्षं, मग त्यालाही कोणीतरी हाकलतो. दुसऱ्याचं पोर मोठं होईपर्यंत थांबला तर त्याचं स्वतःचं व्हायचं राहून जाईल. प्रत्येक हुप्या असं करतो असं नाही, पण जो करतो तो रागाने करत नाही. आणि जुना असता तर, मी विचारलं. शुभंकर म्हणाला, जुना भांडला असता, त्याची पोरं होती ती.

ती चार दिवस पोर घेऊन फिरणारी मादी, पुढे पंधरवड्याने त्याच हुप्याच्या पाठीतल्या उवा काढताना दिसली. मला तिचा असा संताप आला म्हणून सांगू, शिवी आली तोंडात. मग तू आठवलीस. लाज वाटली मला, माझीच.

आपल्या लग्नाला चार महिने झाले होते आणि वेदिका तीन वर्षांची होती. हसली की बापासारखी, सागरसारखी, तिच्या एका गालाला खळी पडायची. सागर जाऊन दोन वर्षं झालेली, मेलेल्या माणसाशी माझं काय वाकडं होतं? तरी ती हसली की मी ताट अर्धं टाकून उठायचो. त्या दुपारी तिने पानातला भात सांडला आणि मी म्हटलं, "वर्षभर आजीकडे राहू दे हिला. आपलं बस्तान बसलं की आणू." ओरडलोसुद्धा नाही. तू सांडलेला भात वेचलास. पोर पदरात घेऊन दुसऱ्याच्या घरात आलेली बाई काय बोलणार, हे मला तेव्हा बरोब्बर ठाऊक होतं. रविवारी गुहागरच्या गाडीत तिने माझी पँट धरली. "काका, मी आता भात नाही सांडणार." मी पिशवी वरच्या फळीवर ठेवली आणि खाली उतरलो. त्या एका वर्षाची तीन झाली.

हे सगळं जुळल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आंबा उतरवला, पेट्या भरल्या, जेवलो, झोपलो. तुला खोटं कशाला सांगू, आतून काही हललंच नाही.

आता पत्राचं कारण. सोबत एक फॉर्म आहे, कोल्हापूरकडच्या निवासी शाळेचा. वेदिकाच्या पहिलीसाठी मी भरलाय. बारशाला घेऊन येणार होतो. तू ओली बाळंतीण, घर पाहुण्यांनी भरलेलं, तू सही करून मोकळी झाली असतीस. त्यावरची तारीख बघ. शुभंकरशी बोलणं झालं त्याच्या नंतरची आहे. म्हणजे सगळं कळल्यावर भरलाय. जागा राखून ठेवायला तिचं नाव आधीच कळवलं होतं, म्हणून काल शाळेतून फोन आला, बाईंनी विचारलं, मुलीचे वडील बोलताय ना? मी म्हटलं, हो. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, तेही तिला घालवायला. फोन ठेवून पडवीत बसून राहिलो. फॉर्म फाडायला हातात घेतला होता. पण फाडला असता तर दोन पोरं घेऊन तू कोणाकडे येतेयस, हे तुला कधीच कळलं नसतं. वेदिकाला घेऊन ये असं मी म्हणतोय, पण माझ्या नुसत्या म्हणण्यावर जाऊ नकोस. आधी हा फॉर्म तुझ्या आईला वाचून दाखव, मग यायचं की नाही ते ठरव.

तुझाच,
विनीत