मुदतवाढीचा शिल्पकार

७ जुलै, सकाळ
सरकारी संशोधन फेलोशिपची जाहिरात आली. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी. वयाची अट पस्तीस. मला नोव्हेंबरात पस्तीस पूर्ण होतात, म्हणजे माझी दखल घ्यायची सरकारला ही शेवटची संधी. मुदत १८ जुलै. विषय तयार आहे: उपनगरांतील व्याख्यानमाला आणि जनमत. दहिसर ते मुलुंड असा एक मंडप नाही जिथे मी माइक हातात घेतलेला नाही.
बायकोने, दिशाने, अट घातली. म्हणाली, तीन वर्षं माझ्या एकटीच्या पगारावर घर चाललंय. या वेळी फेलोशिप नाही मिळाली तर मुलुंडला माझ्या मामाच्या क्लासमध्ये दहावीला इतिहास शिकवायचास. मी हसलो. ती हसली नाही.
संकल्प: आजच अर्ज भरणे.

८ जुलै
पोर्टल उघडलं. आराखडा पाचशे शब्दांत लिहा म्हणे! माझं नुसतं 'उपस्थित बंधुभगिनींनो' तेवढं चालतं. विचारांना कुंपण घालणारे हे कोण टिकोजी? संचालकांना निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. अकरा पानं झाली. ओघ काय लागला होता!
आराखडा उद्या.

१० जुलै
अंधेरीला उत्तरा मॅडमकडे गेलो. गाइड या नात्याने त्यांचं शिफारसपत्र जोडावं लागतं. म्हणाल्या, नितेश, आधी आराखडा दाखवा, मग सही. मी निषेधाचं पत्र वाचून दाखवलं. आठव्या पानाला त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं गहिवरल्या. म्हणाल्या, भाषण झालं असेल तर आराखडा आणा.
विद्यापीठं का बुडाली ते आज कळलं.

१४ जुलै
पोर्टल बंद पडलं! शत्रूने आपणहून मैदान दिलं. तासाभरात व्हॉट्सअॅपवर 'संशोधक संघर्ष समिती' स्थापन केली. अध्यक्ष मीच. दुसऱ्या कोणाचं नाव पुढे आलं नाही, मी येऊ दिलं नाही. मागणी एकच: मुदतवाढ.
मानखुर्दची सुगंधा सचिव. तिचा विषय काहीतरी सरकारी योजना आणि अर्जदार वगैरे. रटाळ. पण ऐकते मन लावून. परवानगी घेऊन माझं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करते. तिने विचारलं, सर, तुमचा अर्ज कुठवर आला? मी म्हटलं, अगं, सेनापतीचा तंबू शेवटी उभा राहतो. तेही रेकॉर्ड झालं.

१५ जुलै
पोर्टल चालू झालं. आंदोलनात फूट पाडायचा डाव. मी उघडलंच नाही.

१७ जुलै
संचालनालयावर धडक! बावीस जण होतो. अधिकारी म्हणाले, या, चहा घ्या, मुदतवाढीच्या पत्रकावर कालच सही झालीय, २५ जुलै, संध्याकाळी पाचपर्यंत. माझी नुसती चाहूल लागताच शरण आले! मी म्हटलं, ते ठीक, पण भाषण ऐकावं लागेल. ऐकलं. दोघे चहा संपवून गेले. फितूर.
घरी आल्यावर आई म्हणाली, मेल्या, आधी तो फॉर्म भर, मगे काय ती क्रांती कर. आईचं वाचन कमी.

२० जुलै, रविवार
दिशा लॅपटॉप घेऊन बसली. म्हणाली, तू नुसतं बोल रे, मी टाइप करते. मी प्राचीन अथेन्सपासून सुरुवात केली. पाचशे शब्द झाले तेव्हा अथेन्सच्या बाजारातच होतो. ती म्हणाली, मुलुंड कधी येणार? मी म्हटलं, टप्प्याटप्प्याने. तिने लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला गेली. शिट्ट्यासुद्धा रागाने वाजल्यासारख्या.

२२ जुलै
२५ला नाहूरच्या हॉलमध्ये विजयसभा. दुपारी तीन. दिशा म्हणाली, अरे, त्याच दिवशी मुदत संपते ना? मी म्हटलं, म्हणून तर त्या तारखेला अर्थ आहे.

२५ जुलै, सकाळ
बेत: तीन ते चार सभा. मग मॅडमकडून पत्र फोनवर मागवणे. मग आराखडा. पाचला अर्ज दाखल. भरपूर वेळ आहे.

२५ जुलै, संध्याकाळ
खुर्च्या शंभर. माणसं चार: आई, माइकवाला, हॉलचा रखवालदार, सुगंधा. बाकीचे म्हणे घरी अर्ज भरत होते. मुदतवाढ कोणी मिळवून दिली तेही विसरले! या कृतघ्नतेवरच बोललो. मध्येच सुगंधा मनगटावर बोट आपटत होती. मला वाटलं, अजून बोला म्हणतेय. बोललो. थांबलो तेव्हा सव्वापाच.
तिथूनच ग्रुपवर टाकलं: दुसरी मुदतवाढ मिळालीच पाहिजे, उद्या धडक. उत्तर आलं, नको ना सर, आमचे भरून झालेत. अर्ज वाढले तर आमचीच वाट लागेल. मग एकेक जण ग्रुप सोडून गेला. अध्यक्ष आणि सचिव उरलो.
दिशाने मामाचा नंबर पाठवला.

४ ऑगस्ट
मुलुंड. हे तात्पुरतं आहे. तरुण श्रोत्यांचा अभ्यास म्हणून स्वीकारलंय. मामा चाळीस मिनिटांनी घंटा वाजवतात. निषेधाचं पत्र लिहीन.

१२ डिसेंबर
सुगंधाला फेलोशिप मिळाली. क्लासवर पेढे घेऊन आली. तिचा विषय आज पहिल्यांदा नीट ऐकला: योजनेसाठी झगडणारे, पण अर्ज न भरणारे अर्जदार. म्हणाली, सर, तुमच्या रेकॉर्डिंगवरच आराखडा उभा राहिला. पाचशे शब्दांत बसला.
म्हणजे शेवटी सरकारने माझ्यावरच पैसे लावले! दिशाला फोन करून सांगितलं. ती हसली. बराच वेळ हसली.
सुगंधाने एक संमतीपत्रक पुढे केलं. नाव, वय, व्यवसाय, सही. वयाच्या रकान्यात पस्तीस पूर्ण लिहिलं. व्यवसायापाशी पेन अडलं. मी मुदतवाढ मागितली.
म्हणाली, नाही हां सर. मी इथेच उभी आहे.
भरलं. दोन मिनिटं लागली.