शेजारणीबरोबरचा बाजार

बाळंतपणात तुझ्या उशाशी बसायची माझी जागा तू त्या शेजारणीला देऊन टाकलीस आणि मला पत्रातून नुसतं कळवलंस. घरातली मोडकी खुर्ची कुणाला द्यायची झाली तरी माणूस आधी विचारतो.

हे लिहून मोकळी झाले. आता रीतीप्रमाणे, प्रिय ठमे, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नवरा एका ओळीत, सातवा महिना लागल्याचं अर्ध्या ओळीत, आणि बाकी सगळी ती. तिनं हे दाखवलं, तिनं ते खाऊ घातलं. परक्या मुलखात तुला बाजार दाखवायला कोणीतरी भेटलं, हे वाचून मला आनंद झाला. इतका झाला की रात्री जेवलेच नाही.

त्या गल्लीत वाफाळत्या टोपल्यांपुढे रांगेत उभ्या राहिलात म्हणे. त्या पदार्थाचं नाव तू लिहिलंयस, मला वाचता आलं नाही आणि वाचायचंही नाही. तिनं आपल्या हातातलं अर्धं मोडून, फुंकर घालून तुला भरवलं आणि तू खाल्लंस. अगं, माझ्या ताटातल्या भाताला उष्टा म्हणून नाक मुरडणारी तूच ना ती? तुझी आई गेल्यावर एकेका घासासाठी मी तुझ्यामागे अंगणभर पळालेय. आणि तिनं फुंकर घातली की लगेच आ केलास! तेही रस्त्यावरचं, अशा दिवसांत! नवरा कुठे होता? भांडी घासत असेल बिचारा.

तेही सोडलं असतं. पण कपड्यांच्या दुकानातलं सोडणार नाही. बाळासाठी मऊ दुपटं आवडलं, दुकानदारानं भाव चढा सांगितला, तर तू तिथे आपली युक्ती केलीस. आपली म्हणजे तुझी आणि माझी. मी माल उलटापालटा करून बघायचा, तू पदर ओढून ‘आजी, असलं आहे की घरी’ म्हणायचं, की मी तो खाली ठेवून निघायचं. आणि निघायचं कसं? रमतगमत, चपला घासत, त्याला हाक मारायला सवड देत. दाराबाहेर पाऊल पडायच्या आत ‘ओ ताई, या तर खऱ्या’ व्हायचंच. तिथे पदर कुठला असायला, तू तिची बाही ओढलीस आणि तिच्या भाषेत तेच म्हणालीस. त्या भोळ्या बाईला ते खरंच वाटलं! घरी आहे तर घ्यायचं कशाला, म्हणून ती तरातरा निघाली ती थेट रस्त्यापलीकडे. तू पोट सांभाळत मागे. दुकानदार ढिम्म हलला नाही. शेवटी दोघी मान खाली घालून परत गेलात आणि सांगेल तो भाव दिलात. मग बाहेर पायरीवर बसून इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं.

ते हसण्याचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याबरोबर तू अशी कधी हसली नाहीस. आपण भाव पाडून यायचो आणि मुकाट्यानं पिशवीचा एकेक बंद धरून घर गाठायचो. आपला डाव कधी फसलाच नाही, म्हणून असेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिथल्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकालाच सोडतात, नवऱ्याला रक्त बघून भोवळ येते, म्हणून ती थांबणार, आणि आजी, तू एवढा प्रवास करू नकोस, असं तू लिहिलंस. माझा पासपोर्ट आलाय. तुझ्या काकाला बरोबर नेलं होतं. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, या वयात फिरायला निघालात का? म्हटलं, नाही, कामाला. गुडघ्यांचं डॉक्टरला विचारलं, तो जा म्हणाला. तिकीट तेवढं राहिलंय, आणि ते तुझ्या शब्दाशिवाय काढणार नाही. न बोलावता मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही, नातीच्याही राहणार नाही. ती बाई वाईट आहे असं म्हणत नाही. तिला घरी येऊ दे, बाळ खेळवू दे, तुला काय भरवायचं ते भरवू दे. पण कळा आल्या की तू आपल्या भाषेत ओरडशील, ठमे. तिला काय कळणार? त्या खोलीत एकच जण असेल, तर ती मी असायला हवी.

उत्तर तू लिहायचंस. नवऱ्यानं नाही, तो इतकं गोड लिहितो की हो का नाही तेच समजत नाही. काकाला फोन करून निरोप ठेवायचा नाही. आणि मी नको असेन, तर तेही तुझ्याच हातानं लिही.

तुझीच, अजून तरी,
आजी