पाण्याची ओळ

बाबा,

गेले चार महिने मी ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून मेलेल्या माणसांची नावं वाचतो आहे. रायपूरच्या आमच्या हिंदी पेपरानं जुने अंक कम्प्युटरवर चढवायचं ठरवलं आहे. शहराची पानं तरुण मुलांकडे गेली, खेड्यांचं पान माझ्याकडे आलं, कारण ती गावं मला माहीत आहेत असं सगळ्यांना वाटतं. गठ्ठा सोडायचा, धूळ झटकायची, पान काचेवर उलटं ठेवायचं, बटण दाबायचं. कामात डोकं लागत नाही, म्हणून वाचत बसतो. पानाच्या उजव्या अंगाला, खाली, तो चौकोन असतो, 'निधन'. तुम्ही पाठवलेली माणसं मला लगेच ओळखू येतात. दुसऱ्यांच्या निधनवार्तेत शेवटी 'भरा-पूरा परिवार छोड़ गए हैं' असतं. तुमच्यात ते कधीच नसतं. भरापुरा म्हणजे कोण, नावं सांगा, असं तुम्ही म्हणायचे.

शाळा सुटली की तुम्ही सायकल काढायचे. पंचक्रोशीत कोणी गेलं की तिसऱ्या दिवशी त्या घरी गुरुजी येणार हे ठरलेलं होतं. पेपरवाल्यांनी तुम्हाला वार्ताहर केलं होतं, पण गावातून बातमी अशी काय निघणार? पीक, पूर आणि मरण. मी दोन-तीनदा तुमच्या मागे कॅरिअरवर बसून आलो होतो. तुम्ही ओसरीवर बसून आधी नुसतं पाणी मागायचे. मग वही काढायचे. वय कोणालाच माहीत नसायचं. "लिख दे गुरुजी, तीन कोरी अऊ दस," असं कोणी तरी म्हणायचं, आणि तुम्ही वीस-वीस मोजून सत्तर लिहायचे. मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांची नावं लिहून झाली की पेन टेकवून थांबायचे आणि विचारायचे, "आखरी मं पानी कोन पियाइस?" शेवटचं पाणी कोणी पाजलं. ज्यानं पाजलं त्याचं नाव तुमच्या वार्तेची शेवटची ओळ असायची.

त्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा दिवस आज तुमच्यापेक्षा मलाच जास्त आठवत असेल. पाच मुलगे रांगेनं बसले आहेत, डोकी नुकतीच भादरलेली. तुम्ही विचारता आणि पाचही जण एकमेकांकडे बघतात. मोठा म्हणतो, माझंच नाव टाका, मी मोठा आहे. तुम्ही लिहीत नाही, वहीकडे बघत बसता. मग आतून, भांड्यांच्या ढिगाजवळून, कामाला येणारी म्हातारी उभी राहते, पदर डोक्यावर ओढते आणि हळूच म्हणते, "मैं पियायेंव गुरुजी. ये मन खेत मं रिहिन." मुलं शेतात होती. तुम्ही तिचं नाव विचारलं, आणि तिला स्वतःचं नाव सांगायला एक क्षण लागला, कारण ते तिला कोणी विचारतच नव्हतं. छापून आलं तेव्हा त्या घरानं आपल्याकडे दूध पाठवणं बंद केलं. ताई म्हणाली, आता चहा काळा प्यायचा का? तुम्ही म्हणालात, काळा चहा प्रकृतीला बरा. आणि वर्षभर प्यायलात.

ती ओळ परवा मला सापडली. कागद पिवळा पडला आहे, पण तिचं नाव ठळक आहे. मी पान काचेवर ठेवलं आणि बटण दाबायच्या आधी हात जोडले. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं विचारलं, भैया, कोई पहचान के थे? मी हो म्हटलं.

तुमची पाकिटं दुपारच्या बसनं रायपूरला यायची. फाट्यावर तुम्ही कंडक्टरच्या हातात द्यायचे, तो ऑफिसच्या खिडकीत टाकायचा. मी नोकरीला लागल्यावर ती माझ्याच टेबलावर येऊ लागली. तेव्हा मी चोवीस-पंचवीसचा होतो आणि मला तुमच्या ओळीची लाज वाटायची. शहरातले लोक हसतील असं वाटायचं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी ती कापत असे. आता गठ्ठ्यात ते महिनेही आले आहेत. वार्ता संपते आणि खाली बोटभर कोरा कागद राहतो. दुसऱ्या कोणाला तिथं काही दिसणार नाही. मला प्रत्येक जागी कोणी तरी पाणी घेऊन उभं असलेलं दिसतं.

तुम्ही एकदाच ऑफिसात आलात. धोतर स्वच्छ, पायात धूळ, हातात गोल बाजारातून घेतलेली कागदात बांधलेली वस्तू. माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसलात आणि वहीतून तीन कात्रणं काढून माझ्यासमोर ओळीनं मांडलीत.

"काहून कापलं?"

मी म्हटलं, जागा नव्हती. तुम्ही खालच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलंत.

"हे काय हाये मंग?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

"पोरं तं कोणालेही असतात," तुम्ही म्हणालात. "पाणी पाजणारं एकच असते. त्याचं नाव कापू नको."

मग कागद सोडून पितळेचं फुलपात्र काढलंत आणि टेबलावर ठेवलंत. ऑफिसातल्या उष्ट्या गिलासानं पाणी पिऊन राहिला असशील, याच्यानं पेत जा, असं म्हणून उठलात. चहाही घेतला नाहीत, बस होती. त्या दिवसापासून मी एकही ओळ कापली नाही. एक सोडून.

आता ते सांगतो. ताई माझ्याकडेच आहे, चौबे कॉलोनीत. गावचं घर विकलं तेव्हाच तिला घेऊन आलो. तुमची नात पोट्टी म्हणावी एवढी राहिली नाही, कॉलेज संपत आलं. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. गेल्या आठवड्यात तुमच्या स्वतःच्या निधनाचं पान माझ्या हाती आलं. मी मोबाइलवर फोटो काढून घरी आणला. दाखवायचा नव्हता. पण रविवारी सकाळी पोरगी माझा मोबाइल घेऊन बसली होती, तिला तो दिसला आणि तिनं स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ताई ओट्याशी भाजी निवडत होती. सेवानिवृत्त शिक्षक, अमुक गाव, मिलनसार. एक पुत्र, त्याचं नाव. 'भरा-पूरा परिवार छोड़ गए हैं.' संपलं.

"पापा, इसमें बुआ का नाम क्यों नहीं है?"

मी देवासमोर बसलो होतो. हातात तेच फुलपात्र होतं, आता ते पूजेत असतं. मी मागे वळलो नाही. ताईच म्हणाली, त्या वेळी लेकीचं नाव लिहीत नव्हते, तुले काय माहीत. पोरीनं बुआच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि म्हणाली, ये गलत है. ताई म्हणाली, हव, गलत हाये, तू आता ते कोथिंबीर धुऊन दे.

लेकींची नावं लिहीत नव्हते हे खरं नाही, बाबा. तुम्ही लिहीत होतात. आई आधीच गेलेली, तुमच्यामागे दोनच माणसं होती, मी आणि लग्नानंतर दोन वर्षांत परत आलेली ताई. तुमचं दुखणं काढलं तिनं. कूस बदलली तिनं. आणि वार्ता लिहिली मी, आपल्याच ओसरीवर बसून, तुमच्या वहीत, तुमच्या पेनानं. माझं नाव लिहिलं, आणि पुढे तिचं लिहिणार तोच तुमचा प्रश्न आठवला. पाणी कोणी पाजलं. तिचं नाव आलं असतं तर ती ओळही आली असती, आणि ती ओळ आली असती तर सगळ्या जिल्ह्यानं वाचलं असतं की मुलगा तिथं नव्हता. म्हणून तिचं नावच लिहिलं नाही. भरा-पूरा लिहून मोकळा झालो. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तो प्रश्न मी ताईला एकदाही विचारला नाही.

त्या रविवारी दुपारी विचारला. पोरगी बाहेर गेली होती, ही माहेरी. ताई बाल्कनीत ऊन खात बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि म्हटलं, ताई, तुझं नाव मी मुद्दाम गाळलं होतं. बाबांना शेवटचं पाणी तू पाजलंस, ते छापायला हवं होतं.

ती समोरच्या गच्चीवरच्या साड्या बघत राहिली. मग म्हणाली, "मी नाही पाजलं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मी घरी नोती. तुले दुपारी ऑफिसात फोन केला होता ना, बाबांची तब्येत जास्त हाये म्हून. बाबा सारखे म्हणत, पोरगा आला का. बस यायची वेळ झाली तशी मी फाट्यावर गेली, तुले घ्याले. बस आली. सगळे उतरले. मी आत चढून पाहिलं, मागच्या सीटवर झोपला असशील म्हून. वापस आली तं दिवेलागण झाली होती, आन् बाबा गेले होते. अंग गरम होतं. मंग मी ओठाले पाणी लावलं. पण ते पाजणं नाही होत."

ती पुढे म्हणाली की पेपरात आपलं नाव दिसलं नाही तेव्हा तिला आधी वाटलं, याला कळलं. कसं कळलं कोण जाणे, पण कळलं, आणि खोटं छापू नये म्हणून यानं नाव गाळलं. बाबांचाच पोरगा आहे, खोटं कसं छापेल. त्या दिवसापासून तिनं ते कात्रण पोथीत ठेवलं आहे. बावीस वर्षं ती माझ्या घरी स्वयंपाक करते, माझ्या पोरीला तिनं वाढवलं, आणि एवढा सगळा काळ तिला वाटत होतं की मी तिचा गुन्हा जाणतो आणि बोलत नाही.

मला तुमची एक गोष्ट आठवली, ती मी तिला सांगितली. एखादं माणूस एकटंच गेलेलं असलं, पाणी पाजायला कोणी नसलं, तर तुम्ही ती ओळ सोडून द्यायचे आणि घरच्यांना म्हणायचे, देवानं पाजलं असेल. मी म्हटलं, ताई, देवानं पाजलं असेल.

"देवाले फाट्यावर पाठवलं असतं," ती म्हणाली, "तं मी तरी घरी राहिली असती."

आणि हसली. बाबा, ती तुमच्यासारखीच हसते, आधी डोळे मिटतात. मग पदरानं नाक पुसलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू काहून रडून राहिला? तुही बस सुटली होती, तूच तं सांगितलं होतं, तुहा काय दोष?"

मी तिथून उठलो.

पुढच्या महिन्यात तुमची पुण्यतिथी आहे. पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची म्हणून कागद समोर घेतला आहे. फोटो निवडला, तो सायकलजवळचा. खाली निवेदकांत, म्हणजे जाहिरात देणाऱ्यांत, पहिलं नाव ताईचं लिहिलं, दुसरं माझं, मग हिचं आणि पोरीचं. त्याखाली एक ओळ कोरी ठेवली आणि तीन दिवस तिच्याकडे बघतो आहे. तिथं ताईचं नाव लिहिलं तर ती म्हणेल खोटं आहे. ओठाला पाणी लावलं असं लिहिलं तर खरं होईल, पण मग कोणी विचारेल, ती कुठे गेली होती? फाट्यावर. कशाला? आणि तिथून पुढे प्रश्न माझ्याकडेच येतो. तुमचा प्रश्न असाच होता. लोकांना वाटायचं गुरुजी पाण्याचं विचारतात. पण त्या पाच मुलांनी एकमेकांकडे पाहिलं तेव्हाच ओसरीवरच्या सगळ्यांना कळलं होतं की कोण कुठे होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकायला ती बस नाही, तो कंडक्टरही नाही. तुमच्या निधनाचं पाकीट मी त्याच्याच हातात दिलं होतं. त्यानं पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ते नेहमीसारखं खिशात ठेवलं. त्याला जे माहीत होतं ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही. ताईला तर नाहीच.

आदल्या दुपारी रायपूरच्या स्टँडवर तोच मला म्हणाला होता, चलो भैया, गुरुजी के पास जा रहे हो ना, आगे की सीट रखी है. त्याच्या आधी दोनदा ताईच्या फोनवर मी धावत आलो होतो आणि दोन्हीदा तुम्ही खाटेवर बसून चहा पीत होतात. काहून आला, काम नोतं का, असं विचारलं होतंत. तिसऱ्यांदाही तसंच असेल असं मी धरून चाललो. त्या संध्याकाळी रायपुरातच, तेलीबांध्याला एका मित्राकडे सत्यनारायण होता, जेवायला बोलावलं होतं. मी कंडक्टरला म्हटलं, सुबह आऊंगा.

ताईनं चहा टाकला आहे, कपांचा आवाज येतो आहे. आता जाऊन तिच्याजवळ बसायचं आहे. आधी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता वहीतून वर मान करून माझ्याकडे बघणार नाही.

बस सुटली नव्हती, बाबा. ती माझ्यासाठी थांबली होती.