खांबावरची मशीन

उस्ताद, तुमची ती आवाज वाढवायची मशीन मी पुन्हा अँटेनाच्या खांबावर चढवली आहे. तुम्ही असता तर नको म्हणाला असता. "मशीन घरातच, डोळ्यासमोर" हे तुमचं शेवटचं मत होतं, आणि तुम्ही गेल्यावरही इतकी वर्षं मी ते मोडलं नाही. आता मोडावं लागलं, कारण रविवारी सकाळी हवेवर आम्हा हौशी रेडिओवाल्यांची जी हजेरी होते, तिच्यातून माझं नाव गळायला आलं होतं. गुडघ्यांमुळं मी रेडिओचं टेबल माडीवरून खालच्या खोलीत आणलं, केबल लांब झाली, आणि तेव्हापासून हजेरी घेणारा दर वेळी तेच म्हणायचा, "काका, नुसती खरखर येऊन राहिली. पुढच्या रविवारी बघू." मग एका रविवारी त्यानं मला हाकच मारली नाही. मी माईक धरून बसलेलो, बायको चहा घेऊन उभी. "विसरला असंल," ती म्हणाली. तो विसरला नव्हता. जो ऐकूच येत नाही त्याला दर रविवारी कोण हाक मारणार? दुसरं माझ्याकडं आहे काय, उस्ताद? सातवी नापास माणूस मी. लायसनच्या परीक्षेचे प्रश्न तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतले, म्हणून त्या हजेरीत बसलो.

उपाय मला माहीत होता. तुम्हीच सांगितला होता, जवळा बाजारच्या तुमच्या दुकानात. बाजाराचा दिवस आहे, दारात माणसं बिघडलेले रेडिओ घेऊन उभी, आणि तुम्ही त्यांना तसंच ठेवून मला विचारताय, "मियाँ, शेतात मोटर कुठं बसवतात? विहिरीवर की पलंगाखाली?" मी म्हणतो, विहिरीवर. "मग ॲम्प्लिफायर काहून घरात ठेवून राहिलो आपण? दूरचा आवाज अँटेनावर उतरतो तवाच बारीक असतो. केबलमधून खाली येईस्तोवर अर्धा मरतो. मग त्याला मोठा केला तर खरखरच मोठी होते." आपलं बोलणंही तसंच, तुम्ही म्हणालात, टेबलावर ताकद वाढवली तर ती केबलच खाते, वर वाढवली तर बराबर अँटेनात जाते. दारातल्या एकानं विचारलं, "आन् माझा रेडिओ कवा देता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चाचा, तुमचा पलंगाखालीच बरा."

त्याच दिवशी तुम्ही भाभींच्या स्वयंपाकघरातून पिठाचा डबा उचलला. "न्या," भाभी म्हणाल्या, "पीठ तुमच्या टोपीत ठेवते." मशीन डब्यात बसली, तळाला तुम्ही एक भोक पाडलं, आणि डबा खांबावर बांधायचं काम मला देऊन तुम्ही गिऱ्हाईक बघायला गेलात. मला ते भोक बघवेना. वाटलं, उस्तादांचा हात चुकला, पावसात इथूनच पाणी शिरणार. मी भित्रा माणूस, मला प्रत्येक फट दिसते. तुम्हाला विचारायची लाज वाटली, म्हणून मी गुपचूप डांबर लावून ते बुजवलं.

पावसाळा सरता सरता मशीन मुकी झाली. डबा उतरवायला मीच चढलो. डांबर खरवडलं आणि पाण्याची धार माझ्या बाहीत शिरली. उन्हानं तापलेला डबा सरीनं एकदम गार झाला की बारीक फटींतून ओल आत ओढतो, आणि ती बाहेर जायला वाट लागते, हे मला त्या धारेनं शिकवलं. भोक त्यासाठी होतं. पण खाली उतरून मी म्हणालो, "उस्ताद, भोकातून पाणी शिरलं." तुम्ही हिरव्या पडलेल्या तारांकडं बघत राहिलात. "माझीच अक्कल कमी पडली," म्हणालात. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात की मशीन वर नेऊ नका. मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकायचो.

या वेळी खांबाला बुडाशी बिजागरी केली, दोर ओढला की तो निजतो. तरी बायको आडवी आलीच. "तुमी या वयात खांबावर चढून राहिले? पडले म्हंजी मी काय रेडिओवर डाक्टर बोलावू?" म्हटलं, चढत न्हाई, खांबच खाली आणतो, तू फक्त दोर धर. डब्याच्या तळाला भोक पाडलं आणि गांधीलमाशी घुसू नये म्हणून त्यावर जाळी लावली. वीजपुरवठ्याची जाड वायर वर नेली. आकाशात काळं दिसलं की खांब निजवायचा, असं ठरवलंय. तरी रोज दोनदा अर्थिंग तपासतो. भीती जायची नाही. तिला बरोबर घेऊनच काम करायचं, असं आता मनाशी पक्कं केलंय.

मागच्या रविवारी कुणी हाक मारायची वाट न बघता मी बोललो. हजेरी घेणारा ओरडलाच, "काका? तुमी? अहो, शेजारच्या खोलीतून बोलून राहिल्यासारखं वाटतंय!" मग कनेरगाव नाक्याच्याही पलीकडून, ज्याचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता तो माणूस स्वच्छ म्हणाला, "जिते हाय ना?" बायको दारातच हसली. मशीन वर बसवली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं, मोटर आणि विहीरही सांगितली. हजेरीवाला म्हणाला, "भारी डोकं चालवलं. कुणाची आयडिया?"

उस्ताद, माईकचं बटण माझ्या बोटाखाली होतं आणि सगळे ऐकत होते. मी "माझीच" म्हणालो.